९०२ मुद्द्यांत आपली ओळ कुठे आहे?

१ मे २०२५ ला, महाराष्ट्र दिनी, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी आपल्या सरकारच्या शंभर दिवसांच्या कार्यक्रमाचा निकाल जाहीर केला. ४८ विभागांनी मिळून ९०२ मुद्दे ठरवले होते. त्यांपैकी ७०६ पूर्ण झाले, १९६ राहिले. म्हणजे ७८ टक्के. बारा विभागांनी तर शंभर टक्के काम केले. सोबत सरकारी कार्यालयांचीही परीक्षा झाली आणि तिथे आपल्या भागाने बाजी मारली. महापालिकांमध्ये उल्हासनगर पहिली, जिल्हा परिषदांमध्ये ठाणे पहिली.

निकालाची बातमी माझ्या फोनवर दोन ग्रुपांत आली. कॉलेजच्या ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडले. मोहल्ल्याच्या ग्रुपवर एकाने लिहिले, "अच्छा है, अपने को क्या." त्यानंतर तिथे कोणीच काही लिहिले नाही, कारण सगळ्यांना ते पटले होते.

मला टाळ्याही पटत नाहीत आणि "अपने को क्या" तर अजिबात पटत नाही. हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या वाक्याविरुद्ध आहे.

आधी सरकारच्या बाजूचे सांगतो. सरकारने स्वतःहून यादी करणे, मुदत घालणे आणि १९६ मुद्दे राहिले हे जाहीरपणे सांगणे ही चांगली सवय आहे. आधीच्या बऱ्याच सरकारांनी एवढेही केले नव्हते. कार्यालयांच्या तपासणीत संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रार निवारण, येणाऱ्या माणसाला बसायला जागा, अधिकाऱ्यांच्या क्षेत्रीय भेटी या गोष्टी बघितल्या गेल्या आणि मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेकडे दिले गेले. ज्याने कधी तहसील कचेरीत दाखल्यासाठी उभ्याने तीन तास काढले आहेत, तो या गोष्टींना क्षुल्लक म्हणणार नाही. मीही म्हणत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. प्रश्नपत्रिका काढणारा, पेपर लिहिणारा आणि कोणता प्रश्न सुटला हे सांगणारा एकच असेल तर ७८ टक्के या आकड्याचा अर्थ काय लावायचा? आणि जे प्रश्न पत्रिकेतच आले नाहीत, त्यांचे गुण कोणाच्या खात्यात धरायचे?

"पूर्ण" म्हणजे काय

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कल्याणला राहतो, ऐरोलीला नोकरी करतो. आमच्या कामात प्रत्येक कामाचे एक तिकीट असते. ज्याने कोड लिहिला त्याने "माझ्या मशीनवर चालतंय" असे म्हटले की तिकीट बंद होत नाही. टेस्टर ते तपासतो, मग ज्याने मागणी केली होती तो तपासतो, आणि त्याचे काम झाले तरच तिकीट बंद होते. काम सुरू करण्याआधी "झाले" म्हणजे नक्की काय, हे लिहून घेतले जाते. ते लिहून घेतले नाही तर महिन्याच्या शेवटी सगळी तिकिटे हिरवी दिसतात आणि ग्राहक मात्र फोन करकरून हैराण असतो.

सरकारी कामात "झाले" या शब्दाचे किमान चार अर्थ आहेत. घोषणा झाली. जीआर निघाला. भूमिपूजन झाले. आणि शेवटचा, लोक ते वापरू लागले. पहिल्या तिघांचे फोटो निघतात. चौथ्याची तारीख बहुतेक वेळा कोणाच्या लक्षातही राहत नाही.

पलावाचा पूल घ्या. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कोंडीत ज्यांची वर्षे गेली त्यांना तो वेगळा सांगायला नको. कित्येक वर्षे रखडून तो ४ जुलै २०२५ ला खुला झाला. दुचाक्या घसरू लागल्या आणि काही तासांत बंद करावा लागला. त्यावर खडी-डांबराचे काम करून पुन्हा खुला झाला. त्या दिवशी सकाळी कोणी प्रगतीपत्रक भरले असते तर पूल "पूर्ण" होता. दुपारी नव्हता. खुला करण्याआधी एका पावसाळी सकाळी चार दुचाक्या नेऊन बघितल्या असत्या तरी कळले असते. आमच्याकडे याला टेस्टिंग म्हणतात, आणि ते ग्राहकाच्या अंगावर करत नाहीत.

आपल्या भागाची यादी

आता ठाणे-कल्याण-डोंबिवलीची यादी करू. यात एकही मुद्दा "मुसलमानांचा" नाही. मुद्दाम इथून सुरुवात करतो.

ठाणे-दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका. १८ फेब्रुवारी २०२२ ला पंतप्रधानांनी तिचे उद्घाटन केले, तेव्हा भाषणात त्यांनीच सांगितले की पायाभरणी २००८ ची आणि काम २०१५ ला संपायचे होते. म्हणजे सात वर्षे उशीर. काम संपवणाऱ्यांनी त्याचे श्रेय घेतले, ते ठीक आहे. पण त्या सात वर्षांची किंमत कोणी मोजली? ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्याच दिवशी चार जणांचे जीव गेल्याची बातमी आली. लगोलग स्वयंचलित दारांच्या साध्या लोकलची घोषणा झाली. दारे बंद होणारी लोकल हवीच. पण लोक हौसेने दारात उभे राहत नव्हते. आत जागा नव्हती. दार बंद केल्यावर बाहेरचा तो माणूस कुठे जाणार, याचे उत्तर जास्त गाड्या आणि जास्त मार्गिका हेच आहे, आणि त्या यादीवरच्या तारखा सारख्या पुढे सरकतात.

कळवा-ऐरोली उन्नत मार्ग. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात २०१६ साली मंजूर झाला. कल्याणहून नवी मुंबईला जाणाऱ्याला ठाण्याला उतरून गाडी बदलावी लागू नये, हा हेतू. त्यातले दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. मुख्य मार्ग मात्र कळव्यातल्या झोपड्यांच्या पुनर्वसनापाशी अडला. मी रोज ठाण्याला गाडी बदलतो. माझ्यासोबत बदलणाऱ्यांत डोंबिवलीचे जोशी असतात, मुंब्र्याचे शेख असतात, टिटवाळ्याचे भोईर असतात. पुलावरची ढकलाढकल सगळ्यांना सारखीच लागते.

मेट्रो ५, ठाणे-भिवंडी-कल्याण. सुमारे २५ किलोमीटर. १८ डिसेंबर २०१८ ला कल्याणमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झाले. २०२५ च्या मध्यापर्यंत साडेसहा वर्षे झाली, तरी या मार्गावर एकाही प्रवाशाने तिकीट काढलेले नव्हते. भिवंडीतल्या पॉवरलूमवर काम करणाऱ्या माणसाला आजही कल्याण किंवा ठाणे स्टेशन गाठायला रिक्षा नाहीतर एसटी हाच मार्ग आहे.

साडेसहा हजार कोटींचे पॅकेज. ऑक्टोबर २०१५, कल्याण-डोंबिवली महापालिकेची निवडणूक तोंडावर होती, आणि तेव्हाही मुख्यमंत्री असलेल्या फडणवीसांनी ६,५०० कोटींचे पॅकेज जाहीर केले. १ नोव्हेंबरला मतदान झाले. त्यानंतर दहा वर्षे विरोधक हा आकडा उगाळत आहेत आणि सत्ताधारी वेगवेगळ्या योजनांची नावे सांगत आहेत. कोणत्या ओळीत किती आले, किती यायचे आहेत, असा एकच कागद मात्र शहरापुढे मांडला गेला नाही. २०१६ ला स्मार्ट सिटीच्या यादीत आपले शहर आले. ते अभियान ३१ मार्च २०२५ ला संपले. कल्याण स्टेशनबाहेर उभे राहून शहर किती स्मार्ट झाले ते प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी ठरवावे.

६५ इमारती. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या इमारती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. तिथल्या कुटुंबांनी महारेराचा नंबर बघून घर घेतले होते, बँकेने तोच नंबर बघून कर्ज दिले होते. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर एका सरकारी यंत्रणेचा डेटाबेस दुसऱ्या सरकारी यंत्रणेच्या डेटाबेसला "हा परवाना खरा आहे का" एवढे विचारत नव्हता. शिक्षा झाली ती हप्ते भरणाऱ्याला.

आणि लकी कंपाउंड. ४ एप्रिल २०१३, शीळ-डायघर. उभी होत असलेली इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. त्यानंतर ठाण्यासाठी क्लस्टर योजना पुढे रेटली गेली. पहिल्या टप्प्यात कोपरी, किसननगर, राबोडी, हाजुरी, टेकडी बंगला, लोकमान्यनगर ही नावे आली. ज्या पट्ट्यातल्या मृत्यूंनी योजनेला निकड दिली, तो पट्टा पहिल्या सहा नावांत नव्हता. मुंब्रा-कौसा-शीळमध्ये राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवले पाहिजे. राबोडी त्यात होती, म्हणजे कारण फक्त धर्माचे नाही. कारण असे की ज्याचा पाठपुरावा रोज होतो तो वर राहतो.

ही यादी कोणत्याही पक्षाच्या कार्यालयात तयार झालेली नाही. यातली कामे काँग्रेस-राष्ट्रवादीच्या काळात रखडली, भाजप-शिवसेनेच्या काळात रखडली, महाविकास आघाडीच्या काळात रखडली आणि महायुतीच्या काळातही रखडत आहेत.

आता आपली ओळ

आता खास आपल्याला दिलेली आश्वासने. इथेही कोणाची बाजू न घेता तारखा मांडतो.

२००८ मध्ये राज्य सरकारने मेहमूदुर रहमान समिती नेमली. ऑक्टोबर २०१३ मध्ये तिने अहवाल दिला. मुसलमानांना ८ टक्के आरक्षण द्यावे ही त्यातली एक शिफारस. जुलै २०१४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तीन महिने आधी, आघाडी सरकारने अध्यादेश काढला. मराठा समाजाला १६ टक्के, मुसलमानांतल्या मागास घटकांना ५ टक्के. १४ नोव्हेंबर २०१४ ला उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला आणि मुसलमानांच्या नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातल्या ५ टक्क्यांना दिली नाही. हे नीट वाचा. न्यायालयाने जे अडवले नव्हते, ते सरकारने कायद्यात रूपांतर न करून संपवले. डिसेंबरमध्ये अध्यादेशाची मुदत गेली आणि मार्च २०१५ मध्ये त्यावरचा शासन निर्णयही रद्द झाला.

मग सरकार बदलले. २८ फेब्रुवारी २०२० ला महाविकास आघाडीचे अल्पसंख्याक मंत्री नवाब मलिक यांनी विधान परिषदेत सांगितले की शिक्षणातले ५ टक्के आम्ही आणू. ते सरकार जून २०२२ पर्यंत होते. कायदा आला नाही.

याच काळात मराठा आरक्षणासाठी विधिमंडळाने २०१४, २०१८ आणि २०२४ असे तीन वेळा कायदे केले. न्यायालयात अडले, की पुन्हा आयोग, पुन्हा सर्वेक्षण, पुन्हा कायदा. मी हे मत्सराने लिहीत नाही. मराठा शेतकऱ्याच्या पोराला जागा मिळाली तर मला आनंदच आहे. मी एवढेच दाखवतो की विधिमंडळाला एखादी गोष्ट करायचीच असेल तर न्यायालयाने पाडलेला दरवाजाही ते पुन्हा उभा करते. आपल्या बाबतीत उघडा असलेला दरवाजा दोन वेगवेगळ्या सरकारांनी बंदच राहू दिला. "कायदेशीर अडचण आहे" हे उत्तर शिक्षणातल्या ५ टक्क्यांपुरते तरी २०१४ साली खरे नव्हते.

आता श्रेयाच्या ओळी. ऑगस्ट २०२४ मध्ये महायुती सरकारने बार्टी, सारथी, महाज्योतीच्या धर्तीवर अल्पसंख्याक संशोधन व प्रशिक्षण संस्था, म्हणजे मार्टी, मंजूर केली. १० ऑक्टोबर २०२४ च्या मंत्रिमंडळ बैठकीत मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचे भागभांडवल ७०० वरून १,००० कोटी करायचे ठरले आणि मदरशांतल्या डीएड शिक्षकांचे मानधन ६ हजारांवरून १६ हजार, बीएड शिक्षकांचे ८ हजारांवरून १८ हजार झाले. पाच दिवसांनी निवडणूक जाहीर झाली.

निर्णय चांगले आहेत. पण भागभांडवलाची मर्यादा वाढणे वेगळे, पैसे महामंडळाच्या खात्यात येणे वेगळे आणि मुंब्र्यातल्या एखाद्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीला शैक्षणिक कर्ज मिळणे आणखी वेगळे. मार्टीचेही तसेच. पहिल्या मंजुरीत तिला ११ पदे होती. सारथी किंवा महाज्योतीतून स्पर्धा परीक्षेची फेलोशिप घेणारी मुले आपल्या ओळखीत आहेत. मार्टीतून घेणारे कोणी आहे का, हे तुम्ही आपल्या वर्गात, आपल्या लायब्ररीत विचारा. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद केली, पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीही त्याच सुमारास थांबली. ते दार बंद झाल्यावर राज्याचे दार किती उघडे आहे, हे कळणे म्हणूनच जास्त गरजेचे आहे.

यातला एकही मुद्दा मला पुढच्या प्रगतीपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून दिसला पाहिजे. "मार्टी: यंदा इतके विद्यार्थी." "महामंडळ: ठाणे जिल्ह्यात इतकी कर्जे मंजूर, इतकी वाटली." टक्का नको, माणसांची संख्या हवी.

तीन आक्षेप

हे बोलायला लागलो की तीन आक्षेप येतात.

पहिला घरातूनच येतो. दूधनाक्यावरचे एक चाचा मला म्हणाले, "बेटा, कागदानं काय होतं? ओळखीचा माणूस पाहिजे." चाचांचे आयुष्य या अनुभवावर गेले आहे, म्हणून मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पण तुमच्याशी घालतो. ओळखीचा माणूस एका घराचे काम करतो आणि त्या बदल्यात पूर्ण मोहल्ल्याचे मत मागतो. नळजोडणी एकाला मिळते, पाण्याची लाइन कोणालाच नाही. शिवाय कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून कित्येक वर्षे निवडून आलेले नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. ओळखीचा माणूसही त्या काळात माजी होता. उरतो तो कागदच.

दुसरा आक्षेप सुशिक्षित मित्रांचा. "आपण मुसलमान म्हणून काही मागितले की लगेच ध्रुवीकरण होते. त्यापेक्षा गप्प बसावे." मी वर जी यादी दिली ती पाहा. त्यातले बहुतेक मुद्दे सगळ्यांचे आहेत. आपण ते आपले म्हणून मांडत नाही, हीच खरी गडबड आहे. कळवा-ऐरोली मार्गावर निवेदन द्यायला डोंबिवलीची प्रवासी संघटना जाते, तेव्हा मुंब्र्याचे किती तरुण सोबत असतात? मेट्रो ५ बद्दल भिवंडीतून किती माहिती अर्ज गेले? शहराच्या प्रश्नावर आपण दिसलो नाही, तर आपल्या प्रश्नावर शहर आपल्यासोबत उभे राहील ही अपेक्षा कशी करायची? आणि जो प्रश्न खास आपला आहे, तो लपवून ध्रुवीकरण थांबलेले मी तरी पाहिलेले नाही. २०१४ नंतर आपण ५ टक्क्यांवर गप्पच होतो. त्याने कोणाचे भाषण सौम्य झाले?

तिसरा आक्षेप असा की हे काम आपल्या नेत्यांचे. आपल्या नेत्यांनी काय मागितले ते आठवा. कब्रस्तानची भिंत, शादीखाना, चौकाला नाव, इफ्तारला मंत्री. कब्रस्तानला भिंत हवी, त्यात वाद नाही. पण मेलेल्यांच्या जागेसाठी जेवढा पाठपुरावा झाला, तेवढा कळव्याच्या रुग्णालयासाठी झाला का? ऑगस्ट २०२३ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावल्याची बातमी देशभर गेली. कळवा, मुंब्रा, दिव्याच्या गरिबांना तेच रुग्णालय आहे. चौकशी समिती नेमली गेली. समितीने काय सुचवले आणि त्यातले काय झाले, हा प्रश्न दर ऑगस्टला विचारणारा एक तरी नेता आपल्याकडे असायला हवा होता. नसेल तर तो प्रश्न आपण विचारायचा.

२०४७ खूप लांब आहे

त्यानंतर सरकारने पुढचे पाऊल टाकले. मे २०२५ मध्ये १५० दिवसांचा कार्यक्रम सुरू झाला, त्याची मुदत २ ऑक्टोबर २०२५ होती. त्यात ई-प्रशासन होते आणि "विकसित महाराष्ट्र २०४७" चा आराखडा होता. टप्पे तीन: २०२९, २०३५ आणि २०४७. लोकांची मते मागवणारे सर्वेक्षणही जुलै २०२५ मध्ये झाले. ते भरले का, असे मी आमच्या क्रिकेटच्या मंडळीला विचारले. अकरांपैकी दोघांनी भरले होते. पुन्हा तेच, "अपने को क्या".

२०२५ मध्ये पहिलीत असलेली मुलगी २०४७ मध्ये अठ्ठावीस वर्षांची असेल. तिच्यासाठी सरकार काय ठरवते, हे आपल्याला काहीच नसेल तर मग कोणाला असणार? पण माझी भीती दुसरीही आहे. इतक्या वर्षांनंतरच्या वचनाचा जाब कोणाला विचारायचा? तेव्हा आजचे सचिव निवृत्त असतील आणि मंत्री कोण असेल कोणास ठाऊक. लांबची तारीख ही वचन देणाऱ्यासाठी फार सोयीची असते. म्हणून २०४७ चे स्वप्न सरकारने जरूर बघावे, आपण मात्र २०२९ चा टप्पा धरून बसायचे. पुढची विधानसभा त्याच सुमारास आहे. २०२९ पर्यंत मुंब्र्यात किती खाटा, भिवंडी-कल्याण मेट्रोचा कोणता टप्पा, मार्टीतून किती मुले, कळवा-ऐरोलीची कोणती तारीख, हे आकडे आत्ताच मागायचे.

ई-प्रशासनाबद्दल एक गोष्ट धंद्याचा म्हणून सांगतो. "आपले सरकार"च्या ५०० सेवा व्हॉट्सॲपवर आणण्याची घोषणा झाली आहे. सोय चांगली आहे. पण पडदा बदलला म्हणून मागचा नियम बदलत नाही. आपल्यातल्या बागवान, मोमीन, पिंजारी, अशा कित्येक जमाती ओबीसी यादीत आहेत. जातीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते "मुसलमान" लिहिलेले असते. अर्ज रांगेतून फेटाळला जावो की मोबाइलवरून, पोरीचा प्रवेश तेवढाच जातो. सुधारणा करायची तर त्या रकान्याची करा, म्हणजे अशा कुटुंबांची गृहचौकशी ठरल्या मुदतीत करून निकाल द्या. तो मुद्दा सरकारच्या यादीत टाका, मग मी पहिला टाळी वाजवीन.

आपली वही

मग करायचे काय? मोर्चा नको, मोठी संघटना नको. एक वही हवी. म्हणजे एक शीट, जी तुमच्यातला कोणीही दहा मिनिटांत बनवेल.

तिच्यात पाच रकाने. कोणी वचन दिले. कोणत्या तारखेला. किती पैसे किंवा किती माणसे. शेवटची माहिती कुठून आणि कधी मिळाली. आणि लोक ते वापरत आहेत का, हो किंवा नाही. शेवटच्या रकान्यात "प्रगतिपथावर" लिहायची परवानगी नाही. दहा ओळी मी या लेखात देऊनच ठेवल्या आहेत. पुढच्या दहा तुमच्या प्रभागातल्या टाका. उर्दू शाळेतली रिक्त शिक्षकपदे, आरोग्य केंद्राची वेळ, पाण्याचा दाब, जे असेल ते.

चौथा रकाना भरायला दोन हत्यारे आहेत. माहितीचा अधिकार, २००५: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर, नाही आले तर अपील. लोकसेवा हक्क कायदा, २०१५: अधिसूचित सेवेला ठरलेली मुदत, ती चुकली की पहिले अपील, दुसरे अपील, मग आयोग, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. प्रश्न विचारताना "का केले नाही" असे विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत असे उत्तर येते. "अमुक शासन निर्णयानुसार ठाणे जिल्ह्यात ३१ मार्च २०२५ पर्यंत किती रक्कम वितरित झाली" असे विचारा. आकडा मागितला की आकडा द्यावा लागतो.

दर महिन्याच्या एक तारखेला ती शीट मराठीत आणि उर्दूत मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाका. मशिदीच्या सूचनाफलकावर लावता आली तर लावा. आणि फक्त आपल्या ग्रुपवर टाकू नका. डोंबिवलीच्या प्रवासी ग्रुपवर टाका, सोसायटीच्या ग्रुपवर टाका. ज्याची मेट्रो रखडली आहे तो ती ओळ बघताना तुमचे आडनाव बघत नाही. आणि बघितले तरी, कामाचा कागद कोणी आणला हे त्याला कळते. शहरात आपली ओळख त्याने बदलते, दहा भाषणांनी नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घ्यायला सांगितल्या होत्या. कोणतीही निवडणूक असो, लवकर म्हणा, उशिरा म्हणा, उमेदवार दारात येतातच. हिरव्या झेंड्याचा येईल, भगव्याचा येईल, तिरंग्याचा येईल. प्रत्येकाला चहा द्या आणि तीच शीट हातात द्या. तीन ओळी निवडायला सांगा, त्यापुढे तारीख लिहायला सांगा, खाली सही घ्या. जो सही करत नाही त्याने आपल्याला उत्तर दिलेले आहे. जो करतो त्याचा कागद जपून ठेवा.

सरकारने ९०२ ओळी लिहिल्या, त्यातल्या ७०६ वर बरोबरची खूण केली. तो सरकारचा हक्क आहे. आपल्या ओळी लिहिण्याचा हक्क आपला आहे, आणि तो बजावायला कोणाची मंजुरी लागत नाही. या रविवारी दोन-तीन मित्र घेऊन बसा आणि पहिल्या दहा ओळी भरा. माहिती अर्जाचा नमुना लागला तर या मासिकाकडे मागा. आपली कल्याणची शीट इथेच दर महिन्याला येत जाईल.